ॲपवरील टॅक्सी : भाडे, परवाना आणि जबाबदारी

ओला, उबर, रॅपिडो यांसारख्या ॲपवरून टॅक्सी, रिक्षा किंवा दुचाकी मागवण्याच्या सेवेला इंग्रजीच्या अनुकरणाने ‘राइड शेअरिंग’ म्हटले जाते. प्रत्यक्षात या प्रवासात बहुधा काहीच ‘शेअर’ होत नाही. अनोळखी प्रवाशांनी एकाच वाहनात बसून भाडे वाटून घेण्याची पद्धत मुंबईत चर्चगेट ते नरिमन पॉइंट धावणाऱ्या शेअर टॅक्सीने ॲप येण्याच्या कितीतरी आधी रुळवली होती. ॲपवरची गाडी ही मुळात पूर्वीची भाड्याची टॅक्सीच आहे. फरक असा की मीटरची जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली आणि प्रवासी व चालक यांच्यामध्ये एक कंपनी येऊन उभी राहिली. या तिसऱ्या पक्षाची जबाबदारी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, या प्रश्नाभोवतीच गेल्या दशकातील कायदे आणि न्यायालयीन वाद फिरत राहिले आहेत.

ॲपच्या आधी, २००७ मध्ये, मुंबईत ‘मेरू’ची रेडिओ टॅक्सी दूरध्वनीवरून मागवता येऊ लागली होती. डिसेंबर २०१० मध्ये मुंबईतच ‘ओला’ची स्थापना झाली. पुढे तिचे मुख्यालय बेंगळुरूला गेले. अमेरिकेतील ‘उबर’ने ऑगस्ट २०१३ मध्ये बेंगळुरूतूनच भारतात प्रवेश केला. आपण वाहतूकदार नसून चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देणारी तंत्रज्ञान कंपनी आहोत, अशी भूमिका या कंपन्यांनी प्रारंभापासून घेतली. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी युवतीवर बलात्कार केल्याची घटना घडली आणि या भूमिकेतील पोकळी उघडी पडली. त्या चालकावर पूर्वी गुन्हे दाखल होते, तरीही तो ॲपवर नोंदला गेला होता. त्याला २०१५ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली. दिल्लीत उबरवर बंदी आली. चालकाची पार्श्वभूमी तपासणे आणि ॲपमध्ये आपत्कालीन कळ देणे या गोष्टी त्यानंतर सर्वत्र अपरिहार्य ठरल्या.

कायद्यात मात्र या कंपन्यांना स्थान मिळण्यास आणखी पाच वर्षे लागली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ द्वारे ‘ॲग्रीगेटर’ या संज्ञेची व्याख्या करण्यात आली आणि कलम ९३ नुसार त्यांना राज्य सरकारचा परवाना बंधनकारक झाला. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची जागा नव्या तत्त्वांनी घेतली. परवाना देण्याचा अधिकार राज्यांकडे असल्याने केंद्राची तत्त्वे राज्याने स्वीकारल्यावरच तेथे लागू होतात. त्यामुळे एकाच ॲपवरील प्रवाशाचे हक्क राज्याची सीमा ओलांडताच बदलू शकतात.

भाड्याच्या बाबतीत २०२५ ची तत्त्वे पूर्वीपेक्षा कंपन्यांना अधिक मोकळीक देणारी आहेत. राज्याने त्या प्रकारच्या वाहनासाठी ठरवलेला दर हे मूळ भाडे मानले जाते. मागणी कमी असताना त्याच्या निम्म्यापर्यंत खाली आणि गर्दीच्या वेळी दुपटीपर्यंत वर जाण्याची मुभा कंपनीला आहे. २०२० मध्ये ही वरची मर्यादा दीडपट होती. म्हणजे एखाद्या अंतराचे मूळ भाडे २०० रुपये असेल, तर मुसळधार पावसात त्याच अंतरासाठी ४०० रुपये आकारणे या तत्त्वांत बसते. पूर्वी ही रक्कम ३०० रुपयांवर थांबत असे. चालकाची स्वतःची गाडी असल्यास भाड्यातील किमान ८० टक्के वाटा त्याला मिळावा, त्याला किमान ५ लाख रुपयांचा आरोग्य विमा आणि १० लाख रुपयांचा मुदत विमा असावा, अशीही तरतूद आहे.

सबळ कारणाविना फेरी रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के, पण १०० रुपयांहून अधिक नाही, इतका दंड ठरवण्यात आला आहे. तो चालक आणि प्रवासी या दोघांनाही लागू होतो. व्यवहारात मात्र वेगळेच घडते. चालक दूरध्वनी करून कोठे जायचे आणि पैसे रोख देणार का, हे विचारतो. उत्तर सोयीचे नसेल तर तो जागचा हलत नाही किंवा प्रवाशालाच फेरी रद्द करण्यास सांगतो. प्रवाशाने तसे केले की ॲपच्या नोंदीत दोष त्याच्या नावावर जातो. अशा वेळी रद्द करण्याचे कारण निवडताना ‘चालकाने नकार दिला’ हा पर्याय नोंदवणे महत्त्वाचे ठरते. पुढील दाद मागण्यासाठी तोच पुरावा असतो.

भाड्यातील कमिशनऐवजी चालकाकडून ठरावीक शुल्क घेण्याच्या पद्धतीने हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला आहे. बेंगळुरूत ‘नम्मा यात्री’ने रिक्षाचालकांसाठी ही वाट दाखवली. रॅपिडो, उबर आणि ओला यांनीही पुढे ती वेगवेगळ्या प्रमाणात स्वीकारली. चालकाची प्राप्ती त्याच्याच हाती राहते, हा तिचा लाभ निर्विवाद आहे. मात्र पैसे थेट चालकाला दिले जात असल्याने कंपनी भाड्याच्या वादातून अंग काढून घेऊ शकते आणि पडद्यावरील रकमेवर ‘वरचे वीस-तीस’ मागितले गेल्यास प्रवाशाला दाद मागणे अवघड होते.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये परवान्याविना सेवा देणाऱ्या कंपन्यांना अर्ज करण्याचे निर्देश दिले. सेवा तत्काळ बंद केल्यास प्रवाशांचे हाल होतील, याची दखलही तेव्हा घेतली गेली. जानेवारी २०२३ मध्ये रॅपिडोला राज्यातील सेवा थांबवावी लागली. दुचाकी टॅक्सीला राज्याने २०२५ मध्ये नियमांची चौकट दिली, तीही केवळ विजेवरील वाहनांसाठी. कर्नाटकात उच्च न्यायालयाच्या एकल पीठाच्या निर्णयानंतर १६ जून २०२५ पासून दुचाकी टॅक्सी थांबल्या आणि वाद खंडपीठापुढे गेला. गोव्याचे चित्र आणखी निराळे आहे. स्थानिक टॅक्सीमालकांच्या तीव्र विरोधामुळे मोठ्या कंपन्यांना तेथे जम बसवता आला नाही. २०१८ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या सहभागातून आलेल्या ‘गोवामाइल्स’लाही हा विरोध चुकला नाही.

खऱ्या अर्थाने ‘शेअर’ होणारी सेवा या सर्वांत मागे पडली. ओला आणि उबर यांनी २०१५ मध्ये एकाच दिशेच्या प्रवाशांना एकत्र नेण्यास सुरुवात केली होती. पण टॅक्सीचा परवाना हा कंत्राटी वाहनाचा असतो, वाटेत प्रवाशांची चढउतार करण्याची मुभा टप्पा वाहनालाच असते, असा आक्षेप २०१७ मध्ये कर्नाटकच्या परिवहन विभागाने घेतला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीने ही सेवा थांबवली. खासगी मोटारीतील सहप्रवासाला २०२० च्या तत्त्वांनी शहरात दिवसाला चार फेऱ्यांपर्यंत मोकळीक दिली होती. मात्र राज्यांना ती नाकारण्याचीही मुभा होती.

वाहनात बसण्यापूर्वी ॲपमधील क्रमांक व चालकाचे छायाचित्र पडताळणे, ओटीपी प्रत्यक्ष गाडीपाशी पोहोचल्यावरच सांगणे आणि प्रवासाचा दुवा घरच्यांना पाठवणे, एवढी काळजी बहुतेकांना ठाऊक असते. नंबर प्लेटकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. भाड्याच्या वाहनाची पाटी पिवळी असते आणि अक्षरे काळी. विजेवरील भाड्याच्या वाहनाची पाटी हिरवी असून अक्षरे पिवळी असतात. पांढरी पाटी खासगी वाहनाची. खासगी वापराचा विमा असलेल्या वाहनातून भाडे घेऊन प्रवासी नेला आणि अपघात झाला, तर अटींचा भंग झाल्याचे कारण पुढे करून विमा कंपनी भरपाईबाबत वाद उपस्थित करू शकते. मग लढाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापर्यंत जाते.

आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. जादा आकारणी किंवा अडवलेला परतावा यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपात, ही निवड ग्राहकाला द्यावी आणि प्रत्येक फेरीचे बिल द्यावे, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओलाला दिला होता. चालकाचा परवाना, बॅज किंवा वाहनाचे परमिट यांविषयीची तक्रार मात्र संबंधित प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडेच करावी लागते.