मुलांची उंची कोण ठरवते? ग्वातेमाला, ब्राझील, बांगलादेश आणि भारत

कुपोषणाची बातमी आली की आपल्याकडे तीन उत्तरे तयार असतात. देश गरीब आहे, लोकसंख्या जास्त आहे, आणि आपली माणसे मुळातच बुटकी आहेत. पहिल्या दोन उत्तरांत थोडेफार तथ्य तरी असते. तिसरे उत्तर मात्र घातक आहे, कारण ते गुन्हाच नाहीसा करते. मूल रक्तातूनच बुटके असेल तर सरकार, गाव, समाजव्यवस्था यांपैकी कोणीच जबाबदार उरत नाही. सगळे जन्मावर ढकलून मोकळे होण्याची ही रीत आपल्याला नवीन नाही. जातीचे समर्थनही पिढ्यान्‌पिढ्या असेच झाले. म्हणून कोणत्या देशातली मुले खुजी राहिली आणि कोणत्या देशांनी ते थांबवले, हा इतिहास आंबेडकरी तरुणांनी नीट समजून घेतला पाहिजे.

आधी मोजमाप पाहू. पाच वर्षांखालील मुलाची उंची वयाच्या मानाने ठरावीक मर्यादेहून कमी असेल तर त्याला खुजे किंवा वाढ खुंटलेले मूल म्हणतात. अंगणवाडीत आपण ‘सॅम-मॅम’ म्हणतो ते वेगळे. तिथे उंचीच्या मानाने वजन पाहतात. वजन काही आठवड्यांच्या आजारपणातही उतरते. खुजेपणा हा दीर्घकाळाचा हिशोब असतो. आईच्या गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या हजार दिवसांत जे कमी पडले ते त्यात नोंदले जाते, आणि नंतर ते भरून काढणे फार अवघड असते. याच काळात मेंदू वाढतो. त्यामुळे हा प्रश्न उंचीपुरता राहत नाही, शाळा आणि पुढची कमाईही त्यात येते. युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १४.८ कोटी मुले खुजी होती. म्हणजे पाच वर्षांखालील दर १०० मुलांमागे २२.

‘आशियाई कोडे’

१९९६ मध्ये युनिसेफच्या एका प्रकाशनात व्ही. रामलिंगस्वामी, अर्बन जॉन्सन आणि जॉन रोड यांनी ‘आशियाई कोडे’ नावाचा लेख लिहिला. कुपोषण म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे आफ्रिका येत होती. या तिघांनी दाखवून दिले की जगातली जवळपास निम्मी कुपोषित मुले भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तीनच देशांत आहेत. बालमृत्यू आफ्रिकेत जास्त, मग कुपोषण दक्षिण आशियात जास्त कसे? त्यांनी बोट ठेवले ते स्त्रियांच्या दुय्यम स्थानावर, जन्मतःच कमी वजनाच्या बाळांवर आणि अस्वच्छतेवर. अन्नधान्याचे उत्पादन हे त्यांच्या मते मुख्य कारण नव्हते. हे उत्तर बरोबर दिशेचे होते. पण भारतातली स्त्री कोणत्या जातीची, कोणत्या वस्तीतली, हा प्रश्न पुढची अनेक वर्षे मुख्य चर्चेत फारसा आलाच नाही.

त्याऐवजी दुसरीच चर्चा रंगली. २०१३ मध्ये अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी असा युक्तिवाद केला की भारतीय मुले आनुवंशिक कारणाने कमी उंचीची असू शकतात आणि जागतिक मोजपट्टीमुळे आपले कुपोषण फुगवून दिसते. भारतासाठी वेगळी मोजपट्टी हवी, ही मागणी तेव्हापासून अधूनमधून डोके वर काढते.

ही जागतिक मोजपट्टी कशी तयार झाली? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत मुले मोजली. आईचे आरोग्य चांगले, घरची स्थिती बरी, स्तनपान नीट झालेले अशी मुले निवडली. भारतातली मुले दिल्लीची होती. निष्कर्ष असा की परिस्थिती सारखी असेल तर सहाही ठिकाणची लहान मुले जवळपास सारखीच वाढतात. त्यावरून २००६ मध्ये ही मोजपट्टी जाहीर झाली. म्हणजे तिच्यात भारतीय मुलेही आहेत. फक्त ती खाऊनपिऊन सुखी घरांतली आहेत.

ग्वातेमाला : रक्ताचा दावा कोसळतो

मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशाचे दरडोई उत्पन्न भारताच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणीत तिथली ४६ टक्क्यांहून अधिक मुले खुजी निघाली. हे प्रमाण लॅटिन अमेरिकेत सर्वांत जास्त आणि त्याच सुमाराच्या भारतापेक्षाही जास्त होते. ही मुले कोण? मूलनिवासी, म्हणजे प्रामुख्याने माया समाजाच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ५८ टक्के होते, तर इतरांमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास.

माया लोक बुटकेच असतात, असे तिथेही म्हटले जायचे. मग मानववंशशास्त्रज्ञ बॅरी बोगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेत गेलेल्या माया कुटुंबांची मुले मोजली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अमेरिकेतली माया मुले ग्वातेमालातल्या माया मुलांपेक्षा सरासरी ११ सेंटीमीटरहून अधिक उंच निघाली. एका पिढीत रक्त बदलत नाही. बदलले होते ते पाणी, दवाखाना, शाळेतले जेवण आणि बापाची मजुरी.

ग्वातेमालात हे सगळे का मिळाले नाही, याचे उत्तर जमिनीत आहे. स्पॅनिश राजवटीपासून माया लोकांची सुपीक जमीन गेली आणि पुढे ते कॉफीच्या मळ्यांवर सक्तीचे मजूर झाले. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी जमीन सुधारणेचा कायदा करून मोठ्या मालकांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला सुरुवात केली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेच्या पाठबळाने त्यांना सत्तेवरून हटवले गेले आणि वाटप उलटवले गेले. १९६० ते १९९६ या यादवी युद्धात दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, असे सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये नोंदवले. जिथे माणसांच्या एका समूहाला माणूसच मानले जात नाही, तिथे देशाचे उत्पन्न वाढले तरी त्यांच्या मुलांची उंची वाढत नाही.

ब्राझील आणि बांगलादेश : बदल होऊ शकतो

ब्राझीलचे डॉक्टर जोसुए दे कास्त्रो यांनी १९४६ मध्ये ‘भुकेचा भूगोल’ हे पुस्तक लिहून सांगितले की भूक निसर्गाने दिलेली नाही, ती माणसांनी तयार केली आहे. ते पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या परिषदेचे अध्यक्ष झाले. १९६४ च्या लष्करी बंडानंतर त्यांचे राजकीय हक्क काढून घेतले गेले आणि १९७३ मध्ये पॅरिसमध्ये निर्वासित अवस्थेत ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच झालेल्या १९७४-७५ च्या पाहणीत ब्राझीलमधली ३७ टक्के मुले खुजी होती. २००६-०७ मध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांवर आले. लष्करशाही गेली, १९८८ च्या संविधानाने आरोग्यसेवा हा सर्वांचा हक्क केला, आणि पुढे गरीब कुटुंबांच्या हाती थेट पैसा देणाऱ्या योजना आल्या. अभ्यासकांनी या यशाची चार प्रमुख कारणे सांगितली आहेत : आईचे शिक्षण, गरीब घरांची खरेदीची ताकद, आरोग्यसेवा आणि पाणी-स्वच्छता. सर्वांत मागासलेल्या ईशान्य भागात तर १९८६ ते २००६ या वीस वर्षांत प्रमाण सुमारे ३४ वरून ६ टक्क्यांच्या खाली आले.

ब्राझील श्रीमंत आहे असे कोणी म्हणेल. मग बांगलादेश पाहा. २००४ मध्ये तिथली ५१ टक्के मुले खुजी होती, २०२२ मध्ये २४ टक्के. तेवढ्यात भारत कुठे पोहोचला? २००५-०६ मध्ये ४८ टक्के, २०१९-२१ मध्ये ३५.५ टक्के. या काळात बहुतेक वर्षे बांगलादेशाचे दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा कमी होते. पण तिथे मुली शाळेत गेल्या, आणि उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांचे प्रमाण १९९० च्या ३४ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत १ टक्क्याच्या आसपास आले. घाणीमुळे मुलाला वारंवार जुलाब होतात, आतड्यांना इजा होते, मग खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही. शौचालय आणि पाणी हा म्हणूनच पोषणाचाही प्रश्न आहे.

भारत : सरासरीच्या पोटात दडलेली जात

आता आपल्याकडे येऊ. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जमातींची ४४ टक्के, अनुसूचित जातींची ४३, ओबीसींची ३९ आणि ‘इतरां’ची ३१ टक्के मुले खुजी आढळली. हीच आकडेवारी वापरून अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांनी दाखवले की सवर्ण हिंदू मुलांमध्ये खुजेपणा सुमारे २६ टक्के आहे, म्हणजे त्यांनी तुलनेला घेतलेल्या आफ्रिकी देशांच्या सरासरीपेक्षा कमी. अनुसूचित जाती-जमातींमध्ये तो सुमारे ४० टक्के. ‘भारत आफ्रिकेच्याही मागे’ हे वाक्य म्हणजे दोन वेगळ्या भारतांची बेरीज आहे. जिथे अस्पृश्यता पाळण्याचे प्रमाण जास्त, तिथे ही दरीही जास्त, असेही त्यांना आढळले.

कोणी म्हणेल, हा गरिबीचा फरक आहे, जातीचा नव्हे. २०१९ मध्ये डायन कॉफी, अश्विनी देशपांडे, जेफ्री हॅमर आणि डीन स्पीअर्स यांनी ग्रामीण भारताबाबत नेमके हेच तपासले. आदिवासी मुलांच्या उंचीतला फरक आर्थिक-सामाजिक परिस्थितीने समजावता येतो. अनुसूचित जाती आणि ओबीसी मुलांच्या बाबतीत तेवढ्याने हिशोब पुरा होत नाही. परिसरात आपल्यापेक्षा वरच्या जातीची घरे जितकी जास्त, तितकी या मुलांची उंची कमी. आणि जिथे आजूबाजूला आपल्यासारखीच घरे आहेत, तिथे सारख्या परिस्थितीतल्या सवर्ण मुलांपेक्षा ही मुले मुळीच बुटकी नाहीत! बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा पुरावा मुलांच्या हाडांत सापडतो.

जातीला जोडूनच पितृसत्ता आहे. कॉफी यांच्याच २०१५ च्या अभ्यासानुसार गरोदरपणाच्या सुरुवातीला भारतातल्या ४२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असतात, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १६.५ टक्के. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवले की आफ्रिकेच्या तुलनेत भारतीय मुलांच्या उंचीतली घसरण दुसऱ्या अपत्यापासून सुरू होते. तरीही केंद्राची मातृवंदना योजना पहिल्या अपत्यापुरती आहे, आणि दुसऱ्यासाठी ती मुलगी असेल तरच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अशी अट नव्हती.

आपली परंपरा आणि आपले काम

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते समतेसाठी. स्वच्छ पाण्यावाचून मूल वाढत नाही, हे आजचे विज्ञान त्याच हक्काला दुजोरा देते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि बाळंतपणाच्या आगेमागे आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे असे मांडले. संविधानाच्या कलम ४७ ने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. पोषण हा आपल्या चळवळीचा मूळचा मुद्दा आहे, आपणच तो भाषणांच्या गर्दीत मागे टाकला.

महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के मुले खुजी होती, २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. देशातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेच्या राज्यात हे प्रमाण जागचे हलले नाही. म्हणून तालुका पातळीवर तीन गोष्टी मागायला हव्यात. पहिली, अंगणवाडीत मुलांची उंची खरोखर मोजली जावी आणि तिची जातवार, वस्तीवार आकडेवारी जाहीर व्हावी. दुसरी, अंगणवाडी कोणत्या वस्तीत आहे, नळ आणि शौचालय कुठपर्यंत आले आहे, याचा नकाशा ग्रामसभेत मांडला जावा. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ मध्ये पाच राज्यांतल्या ५३१ गावांच्या पाहणीतून दाखवले होते की शालेय पोषण आहारासारख्या योजनाही जातीच्या दारातूनच जातात, जेवण कोणत्या वस्तीत वाटले जाते इथपासून. तिसरी, मातृत्व लाभ प्रत्येक बाळंतपणाला मिळावा.

रक्ताची भाषा कोणी काढली तर त्याला ग्वातेमालातून गेलेल्या माया मुलांची उंची सांगा. पैसा नाही म्हटले तर बांगलादेशाचे नाव घ्या. आणि सरासरीवर बोट ठेवले तर विचारा : सरासरी कोणाकोणाची?

जयभीम!