उग्गाणी
आंध्र प्रदेशाच्या रायलसीमा भागातील, मुख्यतः कर्नूल, अनंतपूर व कडप्पा जिल्ह्यांतील, चुरमुऱ्यांची तिखट न्याहारी. शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारीतही ती तितकीच घरोघरची आहे. दावणगेरेकडे असाच पदार्थ ‘मंडक्की ओग्गरणे’, तर उत्तर कर्नाटकात ‘सुसला’ या नावाने ओळखला जातो. सोलापूर व मराठवाड्यातील सुशीला याच कुळातली.

उग्गाणीचे सारे कसब भिजवण्यात आहे. चुरमुरे उकड्या तांदळाचे, गरम वाळूत फुलवलेले असल्याने आतून पोकळ असतात व क्षणात पाणी शोषतात. ते पाण्यात बुडवून, दाणा मऊ पडताच मूठमूठ उचलून तळहातांत हलके दाबून पिळतात. जास्त वेळ राहिले तर लगदा होतो. कमी भिजले तर कढईत चिवट पडतात. भिजवण्याआधी ते चाळून घ्यावेत, कारण तळाशी बारीक वाळू असू शकते.

तेलात मोहरी, उडीद डाळ, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा व हळद यांची फोडणी करतात. काही घरी टोमॅटोही घालतात. त्यात पिळलेले चुरमुरे परततात. डाळवं, सुके खोबरे, लसूण व मिरची यांची कोरडी पूड शेवटी पेरतात. ती उरलेला ओलावा टिपते आणि दाणे सुटे राहतात. ही पूड वगळली तर उग्गाणीची खरी चव येत नाही. वरून लिंबू व कोथिंबीर. सोबत मिरचीची गरम भजी हवीतच. रायलसीमेतील न्याहारीच्या गाड्यांवर हीच जोडी मिळते.