गोल्फ मैदानाची देखभाल व नूतनीकरण

गोल्फ मैदानाची देखभाल म्हणजे गोल्फ खेळाच्या मैदानावरील गवत, माती, निचरा व पाणीपुरवठा खेळण्यायोग्य स्थितीत राखण्याचे वर्षभर चालणारे काम होय. मैदानाची रचना, मातीचे थर, गवताची जात किंवा सिंचनव्यवस्था बदलण्याच्या मोठ्या कामाला नूतनीकरण म्हणतात. समशीतोष्ण देशांत या कामांचे वेळापत्रक वसंत ऋतूपासून आखले जाते. महाराष्ट्रात मात्र ते मोसमी पावसावर आणि उन्हाळ्यात उपलब्ध असणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी
भारतात इ.स. १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. महाराष्ट्रातील जुन्या खासगी मैदानांत मुंबईतील विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब, चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (स्थापना इ.स. १९२७) आणि पुण्यातील येरवडा येथील पूना क्लबचे मैदान यांचा समावेश होतो. नवी मुंबईत सिडकोने खारघर येथे मैदान उभारले आहे. खासगी क्लबमध्ये देखभालीचे वार्षिक नियोजन सामान्यतः सभासदांची समिती व मैदानाचा व्यवस्थापक मिळून करतात.

मैदानाचे भाग
पूर्ण मैदानात १८ होल असतात. प्रत्येक होलची सुरुवात ‘टी’पासून होते. त्यापुढे कापलेल्या गवताचा ‘फेअरवे’, कडेला उंच गवताचा ‘रफ’, वाळूचे ‘बंकर’ आणि शेवटी ‘ग्रीन’ असते. ग्रीनवरील भोकाचा व्यास १०८ मिमी असतो. ग्रीनवरील गवत साधारण ३ ते ४ मिमी, तर फेअरवेवरील १० ते १५ मिमी उंचीवर कापले जाते. एका कापणीत पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग कापू नये, असा सर्वमान्य संकेत आहे.

गवत व माती
उष्ण प्रदेशांतील बहुतेक मैदानांवर बर्म्युडा गवत असते. हे गवत म्हणजे महाराष्ट्रात शेतातील चिवट तण आणि गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा म्हणून परिचित असलेली हरळी होय. ग्रीनसाठी तिचे आफ्रिकी जातीशी झालेले संकर वापरतात. हे संकर बी धरत नाहीत, त्यामुळे त्यांची लागवड कांड्या लावून किंवा मुळांसह गवताचे तुकडे अंथरून करावी लागते. खारट पाणी असलेल्या ठिकाणी पास्पालम गवत उपयुक्त ठरते.

मराठवाड्यातील मांजरा खोऱ्यात, उदाहरणार्थ कळंब परिसरात, आढळणारी काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिचा निचरा मंद असतो. अशा जमिनीवर पायाखाली तुडवले जाणारे आखूड गवत टिकवणे कठीण असते. म्हणून ग्रीनखाली वाळूचा कृत्रिम थर घालतात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने इ.स. १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनुसार तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर सुमारे १० सेंमी खडी आणि त्यावर सुमारे ३० सेंमी वाळूप्रधान मिश्रण असते. पाण्याची सोय नसलेल्या भारतीय मैदानांवर पूर्वी गवताऐवजी तेलमिश्रित वाळूचे ‘ब्राउन’ वापरले जात.

वार्षिक कामे
थंडीत हरळीची वाढ मंदावते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तापमान वाढू लागताच ती पुन्हा फुटते. महाराष्ट्रातील हीच वसंतकालीन देखभालीची वेळ असते. या काळात पोकळ दात असलेल्या यंत्राने ग्रीनमध्ये ७ ते १० सेंमी खोल छिद्रे पाडतात, मातीचे गोळे काढून टाकतात आणि छिद्रांत वाळू भरतात. त्यामुळे दबलेली माती मोकळी होते आणि मुळांना हवा मिळते. उभ्या पात्यांच्या यंत्राने मृत काड्यांचा थर विरळ केला जातो. ग्रीन पूर्ववत होण्यास दोन ते तीन आठवडे लागत असल्याने स्पर्धांच्या तारखा त्यानुसार ठरवाव्या लागतात.

मे महिन्यात चर व नळ्यांतील गाळ काढला जातो आणि बंकरच्या कडा दुरुस्त केल्या जातात. पावसाळ्यात बुरशीजन्य रोग, लव्हाळ्यासारखी तणे आणि ओल्या जमिनीवर यंत्रांनी पडणारे चर या मुख्य अडचणी असतात. वळवाच्या व पहिल्या पावसानंतर बाहेर पडणारे भुंगेरे जमिनीत अंडी घालतात. ऊस उत्पादकांना परिचित असलेली त्यांची अळी, म्हणजे हुमणी, गवताचीही मुळे खाते. ऑक्टोबरमध्ये खते देऊन गवताला थंडीसाठी तयार केले जाते.

नूतनीकरणाचे नियोजन
नूतनीकरणात प्रथम उतार व निचरा, नंतर सिंचनाच्या नळ्या, त्यानंतर मातीचे थर आणि शेवटी गवत असा क्रम पाळला जातो. क्रम चुकल्यास नव्या गवताखालील जमीन पुन्हा खोदावी लागते. खेळ पूर्ण बंद पडू नये म्हणून एका वेळी नऊ होलचे काम करतात किंवा फेअरवेवर तात्पुरती ग्रीन आखतात. कांड्या लावल्यापासून ग्रीन खेळण्यायोग्य होण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात.

मुसळधार पावसात ताजी वाळू व कांड्या वाहून जातात. त्यामुळे पावसापूर्वी गवताने जमीन धरावी यासाठी लागवड उन्हाळ्याच्या सुरुवातीस करणे सोयीचे ठरते. मात्र नव्या कांड्यांना दिवसातून अनेकदा हलके पाणी द्यावे लागते आणि त्याच काळात पाणीटंचाई सर्वाधिक असते. सप्टेंबरअखेरची लागवड हा पर्याय आहे. त्यात पाण्याची गरज कमी राहते, परंतु थंडीमुळे गवत पसरण्यास अधिक वेळ लागतो.

पाण्याचा प्रश्न
२५ हेक्टर गवताला दररोज ४ मिमी पाणी दिल्यास १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी लागते. इ.स. २०१६ च्या दुष्काळात कळंबजवळील धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडल्यानंतर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. क्रीडांगणांसाठी होणारा पाण्याचा वापर त्यामुळे सार्वजनिक चर्चेचा विषय बनला.

पाणीबचतीसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे, पावसाचे पाणी तळ्यांत साठवणे, ओलावा मोजून पहाटे तुषार सिंचन करणे आणि टंचाईत केवळ ग्रीन व टी यांनाच पाणी देणे हे उपाय केले जातात. हरळी पाण्याअभावी पिवळी पडली, तरी तिची जमिनीखालील खोडे बराच काळ जिवंत राहतात आणि पावसानंतर ती पुन्हा फुटते. त्यामुळे रफ व फेअरवेचा काही भाग उन्हाळ्यात कोरडा ठेवणे शक्य होते. प्रक्रिया केलेल्या पाण्यातील क्षार मातीत साचत असल्याने माती ठरावीक काळाने तपासावी लागते.