वाळवंटात पुरलेला खेळ

जून १९८२मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ अमेरिकेत झळकला आणि लहानथोरांनी तो डोक्यावर घेतला. व्हिडिओ गेमच्या धंद्यात तेव्हा अटारी कंपनीचा दबदबा होता. तिनं या चित्रपटावर गेम काढण्याचे हक्क कोट्यवधी डॉलर मोजून घेतले. सौदा ठरेपर्यंत जुलै सरत आला आणि माल तर नाताळच्या बाजारात हवा होता! एरवी ज्याला महिनोन् महिने लागत, ते काम प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांनी पाच आठवड्यांत पुरं केलं.

सुमारे ४० लाख कार्ट्रिज तयार झाली. सुरुवातीला खपही बरा झाला. पण मुलं खेळायला बसली, तर ई.टी. सारखा खड्ड्यात पडे. वर काढावा, तर पुन्हा पडे. बोभाटा झाला, माल परत येऊ लागला. बाजारात सुमार खेळांची गर्दी होतीच. १९८३मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरवर गेला. त्याच सप्टेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत न खपलेला माल पुरण्यात आला. २०१४मध्ये तिथं खोदकाम झालं, तेव्हा ‘ई.टी.’ची कार्ट्रिज खरोखरच निघाली.

ठपका वर्षानुवर्षं वॉर्शॉंवर राहिला. पण तारीख त्यांनी ठरवली नव्हती. २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ असाच घाईनं, चुकांसकट बाजारात आला. इंटरनेटवरून त्याची डागडुजी तरी करता आली. १९८२च्या मुलांना ती सोय नव्हती. अति घाई संकटात नेते खरी. पण घाई एकाची असते आणि संकट दुसऱ्याचं!