शुक्रवारी चढवलेली हांडी

पणजीच्या चर्चसमोरच्या बागेत संध्याकाळी शेंगदाणे खात बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ही बाग ज्याच्या नावाची त्या गार्सिया द ओर्ता नामक वैद्याची हाडे मृत्यूनंतर बारा वर्षांनी उकरून काढून जाळण्यात आली होती? मला ते ठाऊक होते. अ. का. प्रियोळकरांचे इन्क्विझिशनवरचे १९६१ सालचे पुस्तक आमच्या घरी होते आणि ते मी कॉलेजात असताना वाचले होते. पण त्या हकिकतीचा आणि अमेरिकेतल्या एका विजेच्या हांडीचा काही संबंध असू शकेल, हे काही माझ्या ध्यानी आले नव्हते. ते कळले न्यू जर्सीत, लेकीकडे राहायला गेलो तेव्हा.

लेकीच्या शेजारी एक वृद्ध यहुदी बाई राहत. लेक त्यांना आजीच म्हणे, म्हणून मीही इथे आजीच म्हणतो. दर शुक्रवारी सकाळपासून त्यांच्या दारातून कांदा परतल्याचा वास यायचा आणि दुपारपर्यंत त्यात काहीतरी गोडसर मिसळायचे. एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला रात्री जेवायला बोलावले. बोलावण्याआधी लेकीला हळूच विचारून घेतले, 'तुझे वडील काय खातात, काय खात नाहीत?' मी गोमांस खात नाही. त्यांनी ते ऐकून घेतले, कारण विचारले नाही. गेलो तेव्हा ओट्यावर दोन हांड्या होत्या. मोठीत गोमांस. धाकटीत घेवड्याच्या जातीचे दाणे, सातू, बटाटे आणि सोललेले अख्खे कांदे. ही दुसरी खास आमच्यासाठी होती आणि तिच्यात मांसाचा रसही नव्हता.

स्लो कुकर म्हणतात त्याला. आत जाड मातीचे चकाकीदार भांडे, बाहेरच्या आवरणात विजेची तार, वर काचेचे झाकण. दोनच बटणे, मंद आणि जरा कमी मंद. आमच्याकडे प्रेशर कुकरने वेळ वाचवायला शिकवले; हे यंत्र नेमके उलट, वेळ खर्च करायला शिकवते.

मोठ्या हांडीतला पदार्थ त्यांनी मला कृतीसकट समजावला. मी खाणार नव्हतो, पण रांधण्याची विद्या ऐकायला काय हरकत? मांस गुराच्या छातीचे, ज्याला ब्रिस्केट म्हणतात. आधी मोठ्या तव्यावर सगळीकडून लालसर करून घ्यायचे. त्याच तव्यात तीन-चार मोठे कांदे सावकाश परतायचे. मग हांडीत कांद्यांचा थर, वर मांस, भोवती गाजरे, मूठभर सुके आलुबुखार, टोमॅटोचा रस, थोडी तपकिरी साखर, थोडे व्हिनेगर, मीठ-मिरी. पाणी जवळजवळ नाहीच, कारण झाकणाखाली वाफ कोंडते आणि मांस स्वतःच्याच रसात शिजते. सकाळी आठला बटण फिरवले की संध्याकाळपर्यंत झाकण उघडायचे नाही. प्रत्येक वेळी उघडले की उष्णता निघून जाते, असे सांगताना त्यांनी नातवाकडे रोखून पाहिले. शेवटी मांस थोडे निवू द्यायचे आणि तंतूंच्या आडवे कापायचे. उभे कापले तर आठ तासांची मेहनत वाया, चावता चावता जबडा दुखतो.

छातीचाच भाग का? जनावर बराचसा भार पुढच्या अंगावर पेलते, त्यामुळे हा भाग चिवट आणि म्हणून स्वस्त. शिवाय यहुदी धर्मनियमाप्रमाणे मागच्या भागातली मांडीची मोठी शीर काढून टाकल्याशिवाय ते मांस चालत नाही. ते काम किचकट, म्हणून अनेक ठिकाणी मागचा भाग सरळ सोडूनच देतात. उरला पुढचा चिवट भाग. त्यातले कोलॅजेन सत्तर-ऐंशी अंश उष्णतेत तासन्‌तास राहिले की विरघळून त्याचे जिलेटिन होते, आणि चामड्यासारखा तुकडा काट्याने तुटू लागतो. भडक आचेवर ते साधत नाही. गरिबीने आणि धर्माने मिळून शोधलेली ही पाकक्रिया.

गोडाचे म्हणाल तर त्याचीही जात असते. आजींचे पूर्वज गॅलिशियातले, म्हणजे आजच्या दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेनच्या बाजूचे. तिथले यहुदी मासळीतही साखर घालत. उत्तरेकडचे लिथुआनियातले मिरी घालत आणि गोड मासळीला हसत. आपल्याकडे हुमणाच्या आंबटावरून पेडणे आणि काणकोण यांचे जमत नाही, तसेच हे.

आता ही हांडी आली कुठून ते सांगतो. आयर्विंग नाखुमसोन नावाचा एक विद्युत अभियंता शिकागोत होता. त्याची आई मूळची लिथुआनियाची, विल्ना शहरातली. तिने त्याला लहानपणी तिथल्या चोलंटची गोष्ट सांगितली होती. यहुद्यांच्या शास्त्राप्रमाणे शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, घरात विस्तव पेटवायचा नाही. मग शनिवारी दुपारी गरम जेवायचे कसे? विल्नातल्या बायका शुक्रवारी दुपारी मांस, दाणे, सातू, बटाटे मडक्यात घालून ते मुलांच्या हाती गल्लीतल्या पाववाल्याकडे पाठवत. भट्टीतला विस्तव विझत जाई, पण विटा रात्रभर तापलेल्या असत. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून येताना ज्याचे त्याने आपले मडके उचलायचे. आमच्या चुलीच्या वैलावर रात्री ठेवलेले दूध सकाळी कसे दाट तांबूस व्हायचे ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजवायला नको.

नाखुमसोनने विचार केला, भट्टीच्या विटांचे काम विजेची तार का करणार नाही? १९३६ साली त्याने पेटंटचा अर्ज केला, १९४० च्या जानेवारीत ते मिळाले. पुढे १९४५ मध्ये, जर्मन वाटणारे आडनाव नको म्हणून, त्याने ते नॅक्सन असे केले. त्याचे यंत्र 'नॅक्सन बीनरी' या नावाने मुख्यतः खाणावळींत दाणे शिजवायला खपे. १९७० साली रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, यंत्राला नवे रूप दिले आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणले. नोकरीवर जाणाऱ्या बायकांची संख्या तेव्हा वाढत होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ओव्हनपेक्षा फार कमी वीज खाणारे भांडे लोकांना आवडले. १९७१ साली वीस लाख डॉलरची असलेली विक्री १९७५ पर्यंत नऊ कोटी तीस लाखांवर गेली, असे सांगतात. घेणाऱ्या बहुतेकांना शब्बाथ म्हणजे काय हे माहीतही नसेल.

आणि विल्ना? १९४१ साली जर्मन सैन्य तिथे शिरले. शहराजवळच्या पोनारीच्या जंगलात पुढच्या तीन वर्षांत तिथल्या यहुद्यांतले बहुतेक गोळ्या घालून मारले गेले. ज्या गल्ल्यांतून मुले मडकी घेऊन जात, त्या रिकाम्या झाल्या. म्हणजे आईने मुलाला गोष्ट सांगितली नसती, तर त्या भट्टीची आठवण इतकी दूर पोचती ना.

आजी हे सांगत होत्या आणि मी सहज विचारले, 'चोलंट फक्त तिकडच्याच यहुद्यांचे का?' तर म्हणाल्या, छे, मोरोक्कोत दफीना, बगदादच्या बाजूला हमीन, आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये अदाफीना. दफीना ऐकताच माझे कान टवकारले. अरबी शब्द, अर्थ पुरलेले किंवा झाकलेले. आपला दफन तोच. निखाऱ्यांत पुरून ठेवलेली हांडी ती दफीना.

तिथून मी थेट पोर्तुगालात आणि पोर्तुगालातून गोव्यात आलो. १४९२ साली स्पेनने यहुद्यांना हाकलले, पुष्कळ पोर्तुगालात आले आणि १४९७ मध्ये तिथे त्यांना बळेच ख्रिस्ती करण्यात आले. त्यांना म्हणत नवे ख्रिस्ती. ते खरोखर बदलले की नाही, हे ओळखायचे कसे? स्वयंपाकघरावरून. पोर्तुगीज इन्क्विझिशन १५३६ साली सुरू झाले तेव्हाच्या जाहीरनाम्यात धर्मद्रोहाच्या खुणा दिल्या होत्या. शुक्रवारी घर झाडणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे, डुकराचे मांस टाळणे, आणि शनिवारचे जेवण शुक्रवारीच रांधून ठेवणे. मोलकरणींनी, शेजाऱ्यांनी अशा हांड्यांबद्दल दिलेल्या साक्षी स्पेनच्या दप्तरांत इतक्या आहेत, की डेव्हिड गिटलिट्झ आणि लिंडा के डेव्हिडसन या अभ्यासकांनी त्यांतून १९९९ साली एक आख्खे पाककृतींचे पुस्तक तयार केले. चूल पेटवली नाही हा पुरावा. तेलात कांदा परतल्याचा वास हाही पुरावा; आंद्रेस बेर्नाल्देस नावाच्या स्पॅनिश पाद्री-बखरकाराने तर त्या वासावरून नाक मुरडून लिहून ठेवले आहे. आजींच्या दारातला तो वास मला एकदम वेगळा वाटू लागला.

गार्सिया द ओर्ता हा अशाच, स्पेनमधून हाकललेल्या कुटुंबात जन्मलेला. १५३४ साली गोव्यात आला, मोठमोठ्यांचा वैद्य झाला, आणि १५६३ साली त्याचे इथल्या औषधी वनस्पतींवरचे पुस्तक गोव्यातच छापले गेले. त्याआधी तीन वर्षे, १५६० साली, इन्क्विझिशन इथे येऊन आदिलशहाच्या जुन्या वाड्यात बसले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जुन्या गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० साली त्याची दफन केलेली हाडे बाहेर काढली आणि तीही जाळली. त्या बहिणीच्या नावाची बाग कुठे नाही.

आपण म्हणू, ती यहुद्यांची गोष्ट. पण आमच्या भातातही ते शिरलेच. १७३६ सालच्या एप्रिलमधल्या इन्क्विझिशनच्या फर्मानात इथल्या ख्रिस्ती झालेल्यांना ज्या गोष्टी मना केल्या, त्यांत तुळस लावणे होते, धोतर नेसणे होते, आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणेही होते. भातात मीठ! मी लहानपणापासून अळणी भात जेवत आलो आणि तो कोणाच्या लेखी गुन्हा होऊ शकतो, असे कधी डोक्यात आले नाही. वर विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलेल्या. आमच्याकडेही अन्न हे नुसते अन्न कधीच नव्हते. आमच्या शेजारच्या कोकणातले बेने इस्रायल मात्र शनिवारी घाणा बंद ठेवत आणि लोक त्यांना शनिवार तेली म्हणून मोकळे होत. ओळख तीच, पण त्यापायी कोणाला जाळले नाही.

हे सगळे मी त्या रात्री आजींना सांगितले. कातारीनाचे नाव त्यांनी दोनदा उच्चारून पाहिले. मग उठून माझ्या ताटात धाकट्या हांडीतले आणखी वाढले. दाणे लोण्यासारखे झाले होते, कांदे तपकिरी, बटाट्यांना वेगळाच खमंग रंग. निघताना पाहिले तर मोठी हांडी बंद करून ठेवलेली, धाकटी तशीच मंद चालू. ती शनिवार दुपारपर्यंत.

परत येताना लेकीने एक स्लो कुकर बॅगेत कोंबला. तिकडची वीज एकशेवीस व्होल्टची, त्यामुळे आधी ट्रान्सफॉर्मर शोधला, तो हांडीपेक्षा जड निघाला. पहिल्या प्रयोगाला आळसांदे घेतले. आजींनी बजावले होते की राजम्यासारखे दाणे आधी निदान दहा मिनिटे खळखळून उकळून घ्यावेत, नाहीतर मंद आचेत त्यांतले विष जात नाही. आळसांद्यांना तेवढी भीती नाही, तरी मी उकळले. शुक्रवारी रात्री नऊला बटण फिरवले. साडेअकराला वीज गेली. दोनला आली, पुन्हा गेली. सकाळी बायकोने झाकण उघडले, एक दाणा बोटांत दाबून पाहिला, काही बोलली नाही, आणि सगळे प्रेशर कुकरमध्ये ओतून चार शिट्ट्या घेतल्या.