मायनर कुठला घेऊ, मामा?

परवा रात्री भाचीचा फोन आला. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, सोमवारपर्यंत मायनर निवडायचाय. बाबा म्हणतात डेटा सायन्स घे. मला अप्लाइड इकॉनॉमिक्स अँड सस्टेनेबिलिटी घ्यावंसं वाटतंय. पण सगळे म्हणतात, हे नवीन फॅड आहे."

नवीन? मग तिला एका ऑडिटरची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

जे. सी. कुमारप्पा. जन्म १८९२, तंजावरचा. लंडनला जाऊन हिशेबतपासणी शिकले, मुंबईत व्यवसाय थाटला. सुटाबुटातला, इंग्रजी राहणीचा माणूस. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूजला बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात प्रोफेसर सेलिग्मन यांच्याकडे पब्लिक फायनान्स. तिथे सरकारी जमाखर्चाचे आकडे घेऊन बसले आणि हिंदुस्थान गरीब का, याचं उत्तर त्यांना ब्रिटिशांच्या करव्यवस्थेत सापडलं. १९२९ साली परत आल्यावर तो प्रबंध गांधीजींना दाखवला. गांधीजींनी तो 'यंग इंडिया'त क्रमशः छापला आणि वर एक काम दिलं: खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करा.

पाहणी करायला बरोबर कोण? तर गुजरात विद्यापीठातले विद्यार्थी! म्हणजे आमच्या भाचीच्याच वयाची पोरं. गावोगाव, घरोघर फिरून शेतकऱ्याची मिळकत किती, खर्च किती, सारा किती, हे त्यांनी लिहून काढलं. अप्लाइड इकॉनॉमिक्स म्हणतात ते हेच, नाही का?

१९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याची धुरा कुमारप्पांकडे आली. तेलघाणी, गूळ, हातकागद, खत यांवर तिथे प्रयोग चालले. पुढे तुरुंगात असताना त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' लिहिलं. प्रकाशन १९४५. 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट' हा शब्द जगभर नेणारा ब्रुंटलँड अहवाल आला १९८७ साली. म्हणजे बघा, ४२ वर्षं आधी!

त्यांचा मुद्दा खास ऑडिटरचा होता. कोळसा, पेट्रोल, खनिजं म्हणजे साठा. वाहतं पाणी आणि पुन्हा वाढणारं लाकूड म्हणजे प्रवाह. साठा संपवून जगणं म्हणजे भांडवल खाऊन त्याला उत्पन्न म्हणणं. कुठलाही ऑडिटर असा ताळेबंद पास करणार नाही.

हे मला नीट कळलं ते आमच्या सोसायटीत. बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं फुकट. हिशेबात फक्त पंपाचं वीजबिल, पाण्याची किंमत शून्य! मीच एक्सेलमध्ये शीट बनवायचो, त्यामुळे दोष माझाही. बोअर आटली, टँकर सुरू झाले आणि मेंटेनन्स वाढला. शीटमध्ये एकही चूक नव्हती. फक्त जे मोजायला हवं होतं, त्याचा कॉलमच नव्हता.

आता दुसरी बाजू. स्वतंत्र भारत कुमारप्पांच्या वाटेने गेला नाही. मोठे कारखाने आणि धरणं हाच रस्ता ठरला. ३० जानेवारी १९६० ला ते गेले. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. घाणीच्या तेलावर एवढा मोठा देश चालला असता का, मला शंका आहे. पण त्यांचा प्रश्न काही जुना झालेला नाही.

असो. भाचीला म्हटलं, मायनरच्या नावावर जाऊ नकोस, सिलॅबस उघड. गावात किंवा वस्तीत जाऊन स्वतः आकडे गोळा करायचा एखादा तरी पेपर असेल, तर डोळे मिटून घे. नुसत्या स्लाइड्स असतील तर बाबांचं ऐक, डेटा सायन्स घे. निदान काहीतरी मोजायला तरी शिकशील.

अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला: "फील्ड सर्व्हे आहे, अख्खं एक सेमिस्टर!"

आता तिच्या बाबांना समजवायचं काम माझ्याकडे आलंय. रविवारी जेवायला बोलावलंय त्यांना. बघू.