मुलाचं वय कोण सांगणार?

लहान मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या एका अभ्यासाचं व्यवस्थापन मी पुण्यात बघते. हे सांगितलं की समोरचा यंत्राबद्दल विचारतो. माझा दिवस मात्र दोन साध्या प्रश्नांत जातो. मूल नेमकं किती महिन्यांचं आहे, आणि त्याची आई पुन्हा येईल का? या धंद्याचा खरा इतिहास याच दोन प्रश्नांचा आहे, असं माझं मत होत चाललंय.

पहिला प्रश्न मी घरातूनच घेऊन आले. आम्ही टोंकखुर्दचे. देवास जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, काळी माती, सोयाबीन आणि गहू. देवासच्या पवारांच्या राज्यात चाकरीला आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, ओट्यावरून उतरलं की माळवी. नव्वदच्या दशकात आई तिथल्या अंगणवाडीत कार्यकर्ती होती. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी सुरू झाली आणि पुढे गावोगाव पसरली. तिच्याबरोबर आला टांगायचा वजनकाटा, वाढीचा तक्ता आणि एक जाडजूड रजिस्टर. काट्यावरचं वजन कुणालाही वाचता येई. पण तक्त्यावर ठिपका द्यायचा तर वजनाबरोबर वयही लागतं, आणि जन्मतारीख फारच थोड्या घरांत लिहून ठेवलेली असे.

मग बहनजींची, म्हणजे आईची, उलटतपासणी सुरू होई. देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं (1990), त्याच्या आधी झाला की नंतर? उज्जैनच्या सिंहस्थात (1992) हा पोटात होता की कडेवर? सोयाबीन कापत होतात की गहू पेरत होतात? पाहणी करणारे याला घटनांची दिनदर्शिका म्हणतात आणि तिचं रीतसर प्रशिक्षण देतात. आईला ते कुणी शिकवलं नव्हतं.

तिथी सांगणारं घर भेटलं तर काम सोपं व्हावं, पण माळव्यात तिथेच खरी गोम आहे. आमच्या भिंतीवर दोन पंचांगं शेजारीशेजारी असत, मुंबईचं कालनिर्णय आणि जबलपूरचं लाला रामस्वरूप. मराठी महिना अमावास्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं जमतं. वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलतं: आमची गोकुळाष्टमी श्रावण वद्यातली, शेजाऱ्यांची भादो बदीतली. दिवस एकच, उपास एकच. पण एखाद्या आजीनं 'जेठ बदी दशमी' सांगितली आणि लिहिणाऱ्यानं मराठी हिशेबानं ज्येष्ठ वद्य दशमी शोधली, की मूल कागदावर एका महिन्यानं लहान होतं. पाच वर्षांच्या पोराला त्यानं काही बिघडत नाही. चार महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत सगळंच बिघडतं, कारण पहिल्या वर्षभरात मेंदूचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. महिना चुकला तर चांगलं वाढणारं बाळ मागे पडलेलं दिसेल, किंवा मागे पडलेलं नजरेतून सुटेल.

आपल्याकडे मूल मोजण्याची सुरुवात बोलत्या मुलांपासून झाली. धारवाडच्या बाजूला व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. तिच्यात तीन वर्षांखालचं मूल येतच नव्हतं. ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याचं काय, याचं उत्तर बडोद्यात शोधलं गेलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली सुरू झालं, पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. तिथल्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांच्या मोजपट्टीवरून भारतीय बाळांसाठी निकष तयार केले. ते 1970 साली आले आणि 1997 मध्ये पुण्यात सुधारून निघाले. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळासाठी 67 हालचालींच्या आणि 163 मानसिक कसोट्या: दोरीला बांधलेली कडी, ठोकळे, घंटी. बाळ कडीकडे बघतं का, हात पुढे करतं का, दोरी ओढून ती मिळवतं का, आणि प्रत्येक गोष्ट कितव्या महिन्यात. सगळा डोलारा पुन्हा महिन्यावरच उभा. (बडोदं मराठ्यांचं, देवासही मराठ्यांचं, पण आमची गादी दोन भावांत वाटली गेलेली, तिजोरीत विद्यापीठापुरतं काही उरण्याचा प्रश्नच नव्हता.)

पुण्याच्या केईएम रुग्णालयात 1980च्या दशकाच्या शेवटी डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी दोन किलोहून कमी वजनाच्या नवजातांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत चालवला. अशा अभ्यासात वेळेआधी जन्मलेल्या बाळाला दोन वयं असतात, एक जन्मतारखेपासूनचं आणि एक ते जेव्हा जन्मायला हवं होतं तेव्हापासूनचं. आयांना हे समजावणं आजही माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. दुसरं वय सांगितलं की त्यांना वाटतं, आम्ही बाळाचे दिवस कापून घेतोय.

मग 1993 साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत प्रश्नाला मुळातच हात घातला. त्यांनी गर्भ राहण्याआधीपासून अडीच हजारांच्या आसपास स्त्रियांची नोंद ठेवली. क्षेत्रकार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून आणत. घटनांची दिनदर्शिका नको, पंचांग नको. बाळ जन्मायच्या आधीच त्याच्या वयाचा हिशेब चालू. जन्माला आलेली बाळं सरासरी 2.7 किलोची निघाली, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, पण आपली हडकुळी दिसणारी बाळं अंगात चरबी त्यामानानं जास्त बाळगून होती. जगभर हा निष्कर्ष गाजला. मला त्यापेक्षा कौतुक दर महिन्याच्या त्या फेरीचं वाटतं. सुनेला पाळीची तारीख विचारायला कुणी दारात यावं आणि सासूनं चहा टाकावा, हे एका दिवसात होत नाही. शोधनिबंधाच्या माथ्यावर डॉक्टरांची नावं येतात, या बायका शेवटी आभारात.

यंत्र या इतिहासात फार उशिरा आलं. जवळचा अवरक्त प्रकाश कवटीतून आत जातो आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज देतो, हे फ्रान्स योब्सिस यांनी 1977 मध्ये दाखवलं. त्यावरून बनलेली टोपी बाळाला आईच्या मांडीवर बसवून घालता येते. उत्तर प्रदेशातल्या शिवगड भागात इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या जॉन स्पेन्सर यांच्या गटानं ही टोपी वापरून चार महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांची दृश्य स्मृती तपासली. आईचं शिक्षण आणि घरची मिळकत कमी असेल तिथे मेंदूच्या संबंधित भागातला प्रतिसाद क्षीण दिसला (2019). एमआरआयच्या चुंबकीय यंत्रात मात्र बाळ झोपलेलंच हवं. दूध पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कान झाकायचे आणि वाट बघायची. वेळापत्रक बाळ ठरवतं, हे वरिष्ठांच्या गळी उतरवणं हेही व्यवस्थापनच. टोपीची अडचण वेगळी: दाट काळे केस प्रकाश अडवतात. दिवे आणि टाळू यांच्यामधले केस एकेक बाजूला सारावे लागतात, आणि टाळूवर तेल थापलेलं असेल तर ते काम जिकिरीचं होतं. आदल्या दिवशी फोन करून 'उद्या तेल लावू नका' सांगायचं, तेही आजीला, कारण तेल तीच लावते.

याज्ञिकांच्या त्या सहा गावांतल्या बाळांना 2012 पासून, ती किशोरवयात असताना, ब-12 जीवनसत्त्व देऊन बघितलं गेलं. पुढे त्यांना मुलं झाली. ही मुलं दोन वर्षांची झाल्यावर नॅन्सी बेली यांच्याच पट्टीच्या नव्या आवृत्तीनं तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांनी फक्त ब-12 घेतलं होतं ती आकलनात आणि भाषेत, ब-12 अजिबात न घेतलेल्यांच्या मुलांपेक्षा पुढे होती (2021). सूक्ष्म पोषकांचं मिश्रणही सोबत दिलेल्या गटात हा फरक दिसला नाही. का, ते अजून उलगडायचं आहे. त्या गावांतल्या पोरी लग्न होऊन दुसरीकडे गेल्या, तरी बाळाला घेऊन तपासणीला आल्या. माझ्या अभ्यासातल्या आया दुसऱ्या फेरीला किती येतील, हे मी या पावसाळ्यानंतर सांगू शकेन.